शंभर पानी वहीतले नऊ दिवस

13 मे 2024 ला, सोमवारी, पुण्यात लोकसभेचं मतदान झालं आणि बुधवारी पहाटे आम्ही गाडी काढली. बोटावरची शाई अजून काळीकुट्ट होती. पण आमची सहल सुरू झाली होती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कर्वेनगरच्या घरात, रात्रीची जेवणं आटोपल्यावर जेवणाच्या टेबलावर. लेकीची शाळेतली अर्धी कोरी उरलेली शंभर पानी वही मी पुढ्यात ओढली आणि पहिल्या पानावर आकडा न लिहिता पाच नावं लिहिली.

आम्ही पाच जण: मी, नवरा, सासूबाई (वय 68, गुडघे कुरकुरणारे), थोरली लेक चौदाची आणि धाकटा नऊचा. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी झालीच पाहिजे. बाकी सगळं पुढेमागे होईल, पण ती रद्द करायची नाही. वहीत त्या रकान्याला आम्ही ‘हट्ट’ असंच नाव दिलं.

आई म्हणाल्या, “जाताना पंढरपूर.” नवऱ्याला दगडावरची दोन लेखनं पाहायची होती, एक ऐहोळेचं आणि एक श्रवणबेळगोळचं. लेकीला हळेबीडच्या कोरीव देवळासमोर बसून चित्र काढायचं होतं. धाकट्याने शाळेच्या वाचनालयात ओबव्वाची गोष्ट वाचली होती, त्याला चित्रदुर्गच्या किल्ल्यातली ती खिंड हवी होती. माझा हट्ट गुळेदगुड्डचा खण. माझ्या आईच्या ट्रंकेत तसला एक आहे, जांभळा, आणि तो विणणारं गाव मला एकदा बघायचं होतं.

हे पाच ठिपके नकाशावर जोडले आणि रस्ता आपोआप तयार झाला. जाताना सोलापूर रस्त्याने पंढरपूर, विजयपूर, बदामी, हंपी, मग चित्रदुर्ग, हासन, येताना हुबळी-बेळगाव-कोल्हापूर. आठ रात्री, नऊ दिवस. एकाच रस्त्याने जाऊन परत यायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पेट्रोल तेवढंच लागतं आणि परतीचे दोन दिवस पाहिलेलंच पाहण्यात जात नाहीत.

मग पैसे. मर्यादा 65 हजार. पेट्रोलचा हिशोब मी असा केला: नकाशावर साधारण 1950 किलोमीटर. त्यात गावातल्या गावात फिरणं, रस्ता चुकणं, जेवायला वाट वाकडी करणं यासाठी 150 धरले. आमची गाडी हायवेला 17 देते, पण मे महिन्यात एसी बंद करून चालत नाही, म्हणून 15 धरले. म्हणजे 140 लिटर. पुण्यात तेव्हा लिटर 104 च्या आसपास होतं आणि कर्नाटकात 100 च्या आसपास, म्हणून पुण्यातून सीमा ओलांडण्यापुरतंच भरायचं आणि टाकी फुल्ल करायची ती पलीकडे. यात पाचशेच्या आतबाहेर वाचतात. आमच्यासाठी ते एका वेळचं जेवण आहे. पेट्रोलला 14 हजार धरले.

टोलला 2500. दर वर्षी 1 एप्रिलला टोल वाढतो म्हणून थोडे जास्तच धरले होते. त्या वर्षी निवडणुकीमुळे वाढ लांबली आणि 3 जूनला लागू झाली, तेवढा आमचा फायदा झाला. राहण्याला दोन खोल्यांचे रात्रीला सरासरी 2800, म्हणजे 22,400. जेवणखाण दिवसाला 1300 प्रमाणे 11,700. तिकिटं, गाइड, पार्किंग 4000. प्रत्येकाच्या हातात हट्टाचे एक-एक हजार, ज्याचे त्याने कुठेही खर्च करावेत, कुणी विचारायचं नाही. आणि अडीअडचणीला 5000, वेगळ्या पाकिटात, रोख. बेरीज 64,600.

उन्हाळ्यात हंपी-बदामीला जायचं म्हटल्यावर अर्ध्या सोसायटीने वेड्यात काढलं. पण मुलांना सुट्टी मेमध्येच असते. शिवाय त्या भागाचा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा, मेमध्ये लॉज रिकामे असतात आणि फोनवर नीट बोललं की भाडं खाली येतं. ऊन मात्र हिशोबात धरावंच लागतं. आम्ही नियम केला: गाडी पहाटे पाच ते अकरा. अकरा ते चार छताखाली. बघायचं ते सकाळी सात ते दहा किंवा चारनंतर. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत. पाच माणसं उन्हाळ्यात रोज पंधरा लिटर पाणी पितात, म्हणजे दिवसाला 300 रुपये नुसत्या बाटल्यांना. त्याऐवजी वीस लिटरचा जार डिकीत घट्ट बांधला आणि रोज सकाळी लॉजजवळच्या पाणीवाल्याकडून 30-40 रुपयांत भरून घेतला. नऊ दिवसांत यात दोन हजारांच्या वर वाचले.

तुळशीबागेतून पाच जणांसाठी सुती मोज्यांचे दहा जोड आणले. ते कशासाठी, ते सातव्या दिवशी कळेल. गाडी गॅरेजमध्ये दाखवली. डावं मागचं टायर थोडं जुनं वाटतंय का, असं मी विचारलं. “चालून जाईल मॅडम, एवढं काही नाही,” असं उत्तर मिळालं.

पहिला दिवस, बुधवार 15 मे

पहाटे 4:50 ला निघालो. हडपसर, यवत, पाटसचा टोल, आणि भिगवणच्या पुढे उजाडलं. उजनीचं पाणी पार आटलेलं. जिथे एरवी पाणी चमकतं तिथे भेगाळलेली जमीन, आणि त्यात पार लांबवर एक होडी उपडी पडलेली. आई काचेला नाक लावून बघत होत्या. “माणसांनी काय करायचं,” एवढंच म्हणाल्या.

टेंभुर्णीला वळून नवाच्या सुमारास पंढरपूर. मंदिरात गाभाऱ्याचं काम चालू असल्यामुळे 15 मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद होतं, मुखदर्शन तेवढं होत होतं. हे आम्हाला माहीत होतं आणि आईंनाही सांगितलं होतं. तरी रांगेतून पुढे सरकताना त्यांचा हात सारखा माझ्या मनगटावर घट्ट होत होता. लांबून दर्शन झालं. बाहेर आल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दिसला. पायांवर डोकं टेकवायचं राहिलं.” हट्टाच्या हजारातले 140 रुपये त्यांनी खर्चले: एक तुळशीची माळ, बुक्का, आणि मुलांना बत्तासे. उरलेले 860 कमरेच्या पिशवीत गेले.

मंगळवेढ्याला भाकरी, पिठलं, ठेचा. इथली ज्वारी नावाजलेली आणि भाकरीला ती चव होती. दुष्काळात कोठार उघडून लोकांना धान्य वाटणारे दामाजीपंत याच गावचे, हे आईंनी मुलांना जेवता जेवता सांगितलं. दोनला विजयपूर. चारपर्यंत पडून राहिलो आणि मग गोलघुमट. 44 मीटर व्यासाचा घुमट आणि आत एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना अरुंद, आई खालीच बसल्या. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून धाकट्याने काहीतरी कुजबुजलं आणि समोरच्या टोकाला बसलेल्या बापाला ते स्पष्ट ऐकू गेलं. काय बोलला ते दोघांनीही मला अजून सांगितलेलं नाही.

रात्री लेकीने वही उघडली. हिशोब तिच्याकडे दिला होता, कारण एरवी तो माझ्याकडेच असतो आणि मग खर्च करताना मुलं फक्त माझ्या तोंडाकडे बघतात. तिने ओळ आखून लिहिलं: पेट्रोल, टोल, भाकऱ्या, तिकीट. गोलघुमटाला मोठ्या माणसाला 25 रुपये आणि पंधरा वर्षांखालच्यांना फुकट, म्हणजे आपल्या दोघांचे वाचले, हेही तिने शेरा म्हणून लिहिलं.

दुसरा दिवस, गुरुवार 16 मे

साडेपाचला निघून कोल्हारच्या पुलावरून कृष्णा ओलांडली. कोल्हारचं दही प्रसिद्ध आहे. मडक्यातलं घट्ट दही घेतलं आणि गाडीतच पोह्यांवर घालून खाल्लं. दहाच्या आत बदामी. बनशंकरीचं देऊळ गावापासून पाचेक किलोमीटरवर, पुण्यातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता. आमची नाही, पण आईंच्या माहेरच्या शेजारणीची होती, तिच्या नावाने त्यांनी ओटी भरली.

लेणी चारनंतर. खाली अगस्त्य तीर्थाचं हिरवं पाणी, वर लाल कातळ. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578 चा लेख आहे. माकडांनी धाकट्याच्या हातातली बिस्किटं पळवली. खर्च 10 रुपये, वहीत नोंद आहे.

तिसरा दिवस, शुक्रवार 17 मे

या दिवसाबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

सकाळी सातलाच पट्टदकल. मलप्रभेच्या काठी मोकळ्या हिरवळीवर देवळं शेजारी-शेजारी उभी आहेत. 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तिकीट 40. विरूपाक्षाचं देऊळ राणी लोकमहादेवीने बांधवलं, नवरा विक्रमादित्य दुसरा याने पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. आई नंदीच्या मंडपात सावलीला बसल्या आणि लेक चित्रं काढत राहिली.

तिथून ऐहोळे. मेगुती टेकडीवर चढेपर्यंत साडेनऊ झाले आणि ऊन डोक्यावर आलं. देवळाच्या भिंतीत रविकीर्तीचा लेख आहे, शके 556 चा. दुसरा पुलकेशी या चालुक्य राजाची ती प्रशस्ती. नवऱ्याने याचं वाचन महिनाभर आधी करून ठेवलं होतं. त्यात पुलकेशी 99 हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाला असं म्हटलंय. नवरा दगडावरच्या त्या दाटीवाटीच्या अक्षरांसमोर उभा राहिला आणि मुलांना म्हणाला, “आपल्या मुलखाचं नाव चौदाशे वर्षांपूर्वी इथे कुणीतरी कोरलंय.” अक्षर त्याला एकही वाचता येत नव्हतं. पण त्याचा आवाज बदलला होता. धाकट्याने विचारलं, “कुठल्या ओळीत?” आणि दोघं बोटाने हवेत ओळी मोजत राहिले.

मग गुळेदगुड्ड. बदामीच्या लॉजवाल्याने एका घराचा पत्ता दिला होता. गल्लीत शिरल्याबरोबर मागाचा आवाज, खटक-खट, खटक-खट, एका घरातून थांबला की दुसऱ्यातून सुरू. ओसरीवर चपला काढून आत गेलो. माग खड्ड्यात बसवलेला, विणणाऱ्या आजोबांचे पाय खड्ड्यात आणि कमरेपासून वरचं अंग जमिनीच्या पातळीला. डोक्यावर पत्रा, पंखा बंद, कारण वाऱ्याने धागा हलतो. एका हाताने दोरी ओढली की धोटा सर्रकन इकडून तिकडे. दर दहा-बारा हातांनी ते थांबायचे, डोळे बारीक करून काठ बघायचे आणि अंगठ्याने कापड चेपायचे. तासाभरात इंचांनी मोजावं इतकंच कापड पुढे सरकलं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नाही. “खण” मात्र दोघांचाही शब्द. त्यांची सून थोडं हिंदी बोलायची. तिने त्रिकोणी घड्या घातलेले खण पुढ्यात मांडले: हिरवा, राणी, मोरपंखी, आणि एक जांभळा.

सहा घेतले, 900 रुपयांना. भाव केला नाही. तासभर त्या घामाच्या शेजारी बसल्यावर मला तो करवला नाही, आणि हट्टाचे हजार वेगळे ठेवले होते ते अशाच वेळेसाठी.

चौथा दिवस, शनिवार 18 मे

बदामीहून होसपेट, साडेतीन तास. तिथे एक फटका बसला. ज्या लॉजशी फोनवर बोलणं झालं होतं त्यांनी आमच्या खोल्या लग्नाच्या वऱ्हाडाला दिल्या होत्या. मे महिन्यातली लग्नं मी विसरले होते. ऊन, आईंचे गुडघे, मुलं भुकेली. दुसरीकडे रात्रीला 350 रुपये जास्त देऊन खोल्या मिळाल्या. पुढच्या सगळ्या मुक्कामांना मी त्याच दुपारी थोडे पैसे आगाऊ पाठवले आणि पोच मेसेजवर लिहून घेतली. पहिल्यापासून असंच करायला हवं होतं.

संध्याकाळी हेमकूट टेकडी. खाली विरूपाक्षाचं गोपूर, पलीकडे धोंड्यांचे डोंगर. आदल्या वर्षी कर्नाटकात पाऊस कमी झालेला, तुंगभद्रेत पाणी जेमतेम होतं.

पाचवा दिवस, रविवार 19 मे

एकादशी होती. पुण्याहून निघताना आईंनी दिनदर्शिका बघून मला सांगितलं होतं, “त्या दिवशी आपण कुठे आहोत बघ.” हंपीत होतो. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि खजूर पुण्याहूनच बांधून आणले होते.

हंपीचं तिकीट 40 रुपये, आणि तेच एका दिवसात विठ्ठल मंदिर, जनाना महाल आणि कमलापूरच्या संग्रहालयाला चालतं. म्हणून हे सगळं एकाच दिवसात बसवलं होतं. विठ्ठल मंदिराला गाडीतळापासून बॅटरीची गाडी नेते, आमची चालवणारी एक तरुण मुलगी होती. आई तिच्या शेजारी पुढे बसल्या.

दगडी रथापाशी गर्दी होती. धाकट्याने पन्नासची नोट काढली आणि नोटेवरचा रथ व समोरचा रथ जुळवून बघितला. चाकं मोजली, खूश झाला.

आईंना रथात फार रस नव्हता. त्या सरळ मुख्य देवळाकडे गेल्या. पायऱ्यांशी चपला काढल्या, फरशी तापायला लागली होती तरी. मी मागोमाग गेले. मंडपातून आत गेलं की उजेड कमी होत जातो, थंडावा येतो, आणि मग गाभारा. आत कुणी नाही. रिकामी जागा.

सांगतात की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल इथे आणला होता आणि भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, तो परत नेला. ही गोष्ट आईंना लहानपणापासून पाठ. गाडीत त्यांनी मुलांना ती दोनदा सांगितली होती. पण आता त्या अंधाराकडे तोंड करून नुसत्या उभ्या राहिल्या. पंढरपूरला घेतलेली माळ त्यांच्या गळ्यात होती, तिचा एक मणी बोटांत धरलेला. बाहेर कुणीतरी गाइड इंग्रजीत बोलत होता. लेकीने हळूच विचारलं, “आजी, इथे तर काहीच नाहीये.” आई म्हणाल्या, “असं कसं. इथून तो घरी गेला.” आणि त्यांनी खाली वाकून उंबऱ्यावर डोकं टेकलं, बराच वेळ. गुडघ्यांमुळे त्यांना उठताना दोघांनी हात दिला.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, “आई, 1565 ला हे शहर ज्यांनी फोडलं त्यात विजापूरचेही होते ना? आपण पहिल्या दिवशी त्यांच्याच घुमटात आवाज काढत होतो.” मला उत्तर सुचलं नाही. तिने ते वाक्य वहीत हिशोबाखाली लिहिलं. ते तिथे अजून आहे, बॅटरी गाडीच्या तिकिटांखाली.

सहावा दिवस, सोमवार 20 मे

होसपेटहून चित्रदुर्ग. कूडलिगी मागे टाकली आणि गाडी डावीकडे ओढल्यासारखी वाटायला लागली. नवऱ्याने बाजूला घेतली. डाव्या मागच्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा. तेच टायर. सकाळचे आठ, रस्ता रिकामा, बाभळीची एक सावली. आईंना आणि मुलांना तिथे बसवलं. डिकीतला जार, बॅगा, लाडूंचा डबा सगळं खाली उतरवून स्टेपनी काढली. लेकीने जॅक फिरवला, बापाने नट सोडवले. अर्धा तास.

तेवढ्यात मागून आलेला एक टेम्पोवाला थांबला. स्टेपनीत हवा कमी आहे हे त्याने नुसतं टायरला लाथ मारून ओळखलं, स्वतःच्या पंपाने भरून दिली आणि चित्रदुर्गच्या बायपासवरच्या टायरच्या दुकानाचा पत्ता दिला. पैसे घेतले नाहीत. मुलांनी त्याला राजगिऱ्याचे दोन लाडू दिले.

दुकानात नवं टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून 5600. अडचणीचं पाकीट रिकामं, वर 600. मला पुण्यातल्या त्या “चालून जाईल”चा राग आला, अजूनही येतो. लांब निघायच्या आधी टायरची तारीख स्वतः बघावी. कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्यावर 1118 होतं. म्हणजे मार्च 2018 चं टायर, सहा वर्षं उलटलेली.

यात सकाळचा वेळ गेला आणि किल्ला दुपारी साडेतीनला चढावा लागला. नियम मोडला. पण धाकट्याचा हट्ट होता. सात तटांचा किल्ला, आणि दगडांमधली ती फट, ओबव्वाची खिंड. हैदर अलीचे सैनिक तिथून एक-एक करून आत शिरत होते आणि पहारेकऱ्याची बायको मुसळ घेऊन एकटी उभी राहिली. धाकटा त्या फटीतून सरपटत आत आला, उठून उभा राहिला, आणि म्हणाला, “एवढीशी जागा? एकच माणूस मावतो. म्हणून तिला जमलं.” घामाने डबडबलेला, गुडघे खरचटलेले. त्याला गोष्ट कळली होती. वेळेचं गणित बिघडल्यामुळे रात्री हासनला पोचायला साडेनऊ झाले.

तिथे टेबलावर बसून ठरवलं: उद्या बेलूर नाही. एका दिवसात श्रवणबेळगोळ, हळेबीड आणि बेलूर हे आईंना झेपणार नव्हतं, आणि आता एक दिवस वाढवण्याइतके पैसेही नव्हते. बेलूर कुणाचा हट्ट नव्हता, म्हणून ते गळलं. 1117 चं विष्णुवर्धनाचं देऊळ हुकल्याची चुटपुट मला आहे.

सातवा दिवस, मंगळवार 21 मे

मोजे. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरी टेकडीवर अनवाणीच चढावं लागतं, सहाशेच्या वर पायऱ्या कातळात खोदलेल्या, आणि मेमध्ये नऊनंतर तो कातळ तव्यासारखा होतो. मोजे घालून चढता येतं. साडेसहाला सुरुवात केली. डोलीवाले होते, आईंनी नको म्हटलं. कठडा धरून, वीस पायऱ्या आणि एक बैठक, असं करत पन्नास मिनिटांत वर आल्या.

गोमटेश्वराची मूर्ती 57 फूट, एकाच दगडातली. पण नवऱ्याची नजर खाली, पायांशी. तिथे नागरी अक्षरांत ती ओळ आहे: “श्रीचावुण्डराजें करवियलें”. आणि दुसरीकडे “श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें”, सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचं आवार. यावेळी अक्षर वाचता येत होतं. लेकीने मोठ्याने वाचलं, “करवियलें,” आणि म्हणाली, “अगं, हे आपलंच आहे.” आई वाकून बघत होत्या. “करविले,” त्या म्हणाल्या, “माझी आजी असंच बोलायची. देऊळ करविले, लग्न करविले.” शेजारी उभ्या असलेल्या कानडी कुटुंबाने काय लिहिलंय ते विचारलं आणि आमच्या लेकीने त्यांना मोडक्या हिंदीत सांगितलं. नऊ दिवसांतली माझ्या मनातली सगळ्यात स्वच्छ जागा ही आहे.

हळेबीड चारनंतर. लेक दोन तास एका हत्तींच्या रांगेसमोर बसून होती. इथे तिकीट नाही, गाइडला पाचशे दिले, आणि तो त्या पैशांना पुरेपूर होता.

आठवा दिवस, बुधवार 22 मे

नुसता प्रवास. चित्रदुर्ग, दावणगेरे, मग ब्याडगीला वळून दोन किलो मिरची घेतली, 500 रुपयांना. मेमध्ये घरात वर्षाचा मसाला व्हायचा असतो, आणि लालभडक सुरकुतलेल्या मिरचीच्या गोणी पाहून मला राहवलं नाही. माझा हट्टाचा रकाना 400 नी वर गेला. हुबळीपर्यंत गाडीत सगळे शिंकत होते.

नववा दिवस, गुरुवार 23 मे

धारवाडला पेढे, निपाणीला चहा, कोल्हापूरला आईंसाठी साधं जेवण आणि आम्हा चौघांसाठी मिसळ. पुढे साताऱ्यापर्यंत रस्त्याच्या सहापदरीकरणाची कामं, वळसे, धूळ. या अंतराला तेव्हा नेहमीपेक्षा दीड तास जास्त लागला. खंबाटकीचा बोगदा संपला तेव्हा अंधार पडत होता. वैशाखी पौर्णिमा, चंद्र मोठा. घरी सव्वानऊ.

गाडीने 2112 किलोमीटर दाखवले. लेकीने रात्रीच बेरीज केली: पेट्रोल 14,150, टोल 2180, राहणं 21,900, जेवण 12,640, तिकिटं-गाइड-पार्किंग 3350, हट्ट 5400, टायर 5600. एकूण 65,220. जेवणात वाढ झाली ती लस्सी, सरबत आणि शहाळ्यांनी, ती पुढच्या वेळी वेगळी धरणार. राहण्यात जे वाचलं ते हंगाम नसल्यामुळे, होसपेटचा फटका धरूनही.

2 जूनला पंढरपूरला पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झालं. बातमी लागली तेव्हा आम्ही सगळे टेबलाशी होतो. आई उठून आत गेल्या आणि कमरेची पिशवी घेऊन आल्या. आठशे साठ रुपये त्यांनी एकेक नोट सरळ करत टेबलावर ठेवले आणि नातीला विचारलं, “पंढरपूरला जाऊन-येऊन पेट्रोल किती लागतं गं?”

लेकीने वही ओढली, कोरं पान काढलं. 420 किलोमीटर, 15 ने भागून 28 लिटर, पुण्याच्या भावाने 2912. मग सगळ्यात वर, आकड्यांच्याही आधी, तिने लिहिलं: हट्ट – आजी.